छिद्र लहान करताना

कॅमेऱ्याची बॅग रात्री एसीच्या खोलीत ठेवायची नाही,
हे मी तीन रविवार वाया घालवून शिकले.
दिवागावच्या जेट्टीवर झाकण काढलं
की खाडीची दमट हवा काचेवर येऊन बसायची
आणि पक्षी उडून जाईपर्यंत
मी ओढणीनं धुकं पुसत राहायची.
आता बॅग गॅलरीत झोपते, कपड्यांच्या स्टँडखाली.

हसुराम केणींच्या होडीत तिपाई उभी राहत नाही.
मग जुन्या पँटचा एक पाय कापला, शिवला,
त्यात दोन किलो कोलम भरला.
आई म्हणाली, खायचा तांदूळ गं तो.
होडीच्या काठावर पिशवी, पिशवीत रुतलेली चारशेची लेन्स,
तरी इंजिनाची थरथर दाताच्या मुळापर्यंत येते.
केणी न सांगता इंजिन बंद करतात,
पुढे बांबूनं रेटत नेतात.

सोमवार ते शनिवार मी रबाळ्याला
प्रेशर गेज तपासते.
काटा खोटं बोलतोय का, एवढंच बघायचं.
म्हणून हे लवकर कळलं असावं:
मीटरला सगळं जग करडं हवं असतं.
समोर काळा चिखल, नजर जाईल तिथवर.
तो घाबरून उजेड वाढवतो,
आणि रोहितांच्या पाठी
नीळ घातलेल्या चादरीसारख्या कोऱ्या होतात,
एक पीस दिसत नाही.
चाक उणेकडे, दोन टिचक्या.
चिखल काळाच राहू दे. तो काळाच आहे.

थवा उठायच्या आधी माना ताठ होतात,
मग सगळे वाऱ्याकडे तोंड करून चालू लागतात,
पाच पावलं, सहा पावलं.
बोट तेव्हा दाबायचं.
पंखांतला लाल दिसल्यावर दाबलं
तर ते आपल्याला दिसलं, एवढंच.

सकाळी सातला पारसिकच्या डोंगरावरून
ऊन माझ्या पाठीवर पडतं, पक्ष्यांच्या छातीवर पडतं.
छिद्र पूर्ण उघडं, पाच पॉइंट सहा.
मुलुंडचे टॉवर, विजेचे मनोरे, पुलावरचे ट्रक,
सगळं लोण्यासारखं मऊ, निळसर,
नसल्यासारखं.
दोन वर्षं मी हेच करत होते
आणि लोक विचारायचे, आफ्रिका का?
मला बरं वाटायचं.

केणींना एकदा पडदा दाखवला.
त्यांनी तळहाताची सावली धरली, चष्मा कपाळावर नेला.
"झाक हाय. पन ही खारी कंची?"
आपलीच खाडी, म्हटलं.
"मंग खांब कनी पुसले?
तिसरा खांब हाय ना, थं माजा बापूस डोल लावाचा.
खांब नव्हता तवा."

पुढच्या रविवारी लेन्स बदलली, चोवीसची,
कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून, धूळ जाऊ नये म्हणून.
आठ. अकरा. सोळा.
छिद्र टाचणीएवढं झालं
आणि एकेक गोष्ट परत येऊ लागली:
तिवरांत अडकलेली निळी पिशवी,
गच्चीवरच्या टाक्या,
पहिला मनोरा, दुसरा, तिसरा.
शटर रेंगाळलं, होडी हलली,
पक्षी कुरमुऱ्यांएवढे, कडा पुसट.
स्पर्धेला पाठवण्यासारखं यात काही नाही.

केणींनी फोटो बोटांनी मोठा केला.
तिसऱ्या खांबाच्या डावीकडे
पाण्यावर नख ठेवलं.
"थं."
तिथे पाणीच होतं, काहीसं तपकिरी.
मग वर आकाशात एक काळा ठिपका दाखवून,
"न् ह्यो कंचा पक्षी?"
सेन्सरवरची धूळ, सोळाला दिसते.
मी म्हटलं, बघते घरी जाऊन.

सुकती संपत आली होती.
तांदळाची पिशवी खालून भिजलेली,
चिखलाचा वास लागलेली.
आता तो डब्यात परत जात नाही.
आईनं विचारणं सोडलंय.