मंगळवार उघडाच राहिला

शिरोलीच्या दूध संघात रात्रीचा दीड.
दूध-नोंदीचं टेबल : एकशे चाळीस जीबी.
जिवंत ओळी मोजल्या,
नऊ जीबीसुद्धा भरत नाहीत.

बाकीच्या मेलेल्या.
इथे खोडायची रीत नाही, जुनं तसंच ठेवून खाली नवं लिहायचं.
सांगरूळच्या अक्काताई सुतार, म्हैस एक, सकाळचं साडेतीन लिटर,
फॅट सहा पॉइंट दोन.
चुकलं म्हणून सहा पॉइंट आठ.
तक्रार आली म्हणून सात.
तीन अक्काताई एकीखाली एक,
बिल शेवटचीला,
जागा तिघींना.

झाडू रोज रात्री फिरतो, मीच लावलाय,
आणि रिकाम्या हाताने परत येतो.
का, ते सापडायला तास गेला :
गडहिंग्लज शाखेत कुणीतरी
आषाढातल्या एका मंगळवारी दुपारी चारला रिपोर्ट उघडला,
बंद केला नाही.
आता मार्गशीर्ष.
तेव्हापासून यंत्र त्या एका माणसासाठी
अख्खा मंगळवार धरून बसलंय.
तो बघतोय अजून,
त्याच्या डोळ्यांदेखत काही उचलायचं नाही.

फोन केला. विरुपाक्ष मगदूम, हिशेबनीस, झोपेतून :
"मॅडम, म्या काय बी बदललं न्हाई. नुस्तं बघत हुतो."

तेच तर, मगदूम.

तोडलं कनेक्शन. झाडू फिरला.
तरी टेबल तेवढंच,
गूळ विकून झाल्यावरही अडवून ठेवलेल्या
मार्केट यार्डातल्या गाळ्यासारखं.
मग कुलूप घालायचं, जिवंत तेवढं नव्या फाइलीत न्यायचं,
जुनी फाइल टाकून द्यायची.
जागा करायलाही आधी जागा लागते.
शिल्लक : अकरा.
नऊ जातील अकरात.
वरच्या दोनाच्या भरवशावर एंटर दाबलं.

पाचला संकलन सुरू.
चार वाजता वॉचमन सर्जेराव चहा घेऊन आला.
"काय हरवलंय व्हय?"
नाही, टाकतेय.
"मग एवढा घाम कशाला?"

चार एकेचाळीस. कुलूप निघालं.
आठ पॉइंट सात.
मी आधी अक्काताईंना शोधलं.
एकच होत्या. फॅट सात.
सहा पॉइंट दोन खरं होतं का,
ते आता कुणाला विचारायचं, मला ठाऊक नाही.

बाहेर टेम्पोतून कॅन उतरायला लागले.
फोनवर मगदूम :
"मॅडम, त्यो रिपोर्ट परत उघडला तर चालंल का?"