एक तास मागे

सोमवारी सकाळी देओलिंदाचा फोन:
"फिर्मिनु, माझ्या फाइली वर जात नाहीयेत."
वर म्हणजे क्लाउडमध्ये. सेतुबलच्या ऑफिसात
आम्ही सगळे असंच म्हणतो, आणि बोट छताकडे करतो,
जणू बुचांच्या गोदामाचे पत्रे उचकटले
की दिसतीलच तिथे आमची बिलं, वाळत घातलेली.

गेलो. दोन बाणांची निळी चकती
गरगरत होती, घाण्याच्या बैलासारखी.
अकराशे त्रेचाळीस फाइली रांगेत.
तीन आठवड्यांची बुचं: कुठली वाइनची,
कुठली तेलाच्या बाटल्यांची,
कुठली परत आलेली, वास येतो म्हणून.

आधी नेहमीचं. बंद कर, चालू कर.
इंटरनेट? धडधाकट. जागा? निम्मी रिकामी.
फाइलींच्या नावात कुठे प्रश्नचिन्ह, तारा?
एकही नाही. तिची नावं तिच्यासारखीच,
इस्त्री केलेली.
मग साइन आउट केलं, आणि तिथेच फसलो.
पुन्हा आत घेईनाच.
पासवर्ड बरोबर, माणूस बरोबर,
तरी दार म्हणे, ओळख पटत नाही.

घोडं नेमकं कुठं पेंड खातंय?

बाहेर सादो नदीवर भोंगा झाला.
साडेदहाची फेरी.
मी सवयीनं स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिलं:
नऊ एकतीस.

"देओलिंदा, हे घड्याळ..."
"असू दे ते," ती म्हणाली,
उघडा राहिलेला ड्रॉवर घाईनं लोटावा तशी.

मग सांगितलं. वडील असोरेसमध्ये,
साओ जॉर्ज बेटावर, एकटे.
सहा गाई विकल्या, एक उरली, ती विकणार नाहीत.
तिकडे एक तास मागे.
अकराला निळी गोळी, तीनला अर्धी पांढरी.
ही फोन करते, आणि घोट उतरल्याचं
कानानं ऐकल्याशिवाय ठेवत नाही.
गेल्या महिन्यात एकदा गणित उलटं झालं,
तास वजा करायचा तो मिळवला.
नऊलाच गोळी घ्यायला लावली.
अकराची घंटा चर्चमध्ये वाजली
तेव्हा त्यांनी आपणहून दुसरी घेतली.
दोन रात्री वेलासच्या दवाखान्यात.
"म्हटलं, गणितच नको. घड्याळ मागे नेलं.
मला इथली वेळ फेरीवरून कळते."

मी काय बोलणार?
सर्व्हरला एवढंच दिसतं
की हे यंत्र होऊन गेलेल्या वेळेतून बोलतंय,
आणि तशा कुणावर त्यानं विश्वास ठेवू नये
असं त्याला शिकवलेलं आहे.
त्याचंही चुकलं नाही.

घड्याळ सरळ केलं. दोन क्लिकचं काम.
तेवढा वेळ ती खिडकीबाहेर बघत राहिली.
मग सेटिंगमध्ये खाली, जिथे सहसा कुणी उतरत नाही,
दुसरं घड्याळ मिळतं. ते लावलं.
नावाला एक रकाना असतो.
मी टाइप केलं, असोरेस.
तिनं खोडलं, आणि गाईचं नाव घातलं:
ब्रिओझा.

चकती जरा अडखळली. मग आकडा उतरू लागला,
अकराशे बेचाळीस, अकराशे चाळीस, नऊशे दहा,
धरणाचा दरवाजा उचलल्यासारखा.
बाराच्या सुमाराला दोनच राहिल्या.
एकाच नावाच्या, एकाच तारखेच्या,
एक तिची, एक गोदामातल्या झेफेरिनुची.
आकडे वेगळे. यंत्र विचारत होतं: कोणती ठेवू?

"खरी कोणती?" तिनं मला विचारलं.
ते मला कुठून कळणार, मी नळ दुरुस्त करणारा;
पाणी गोड की खारं, ते पिणाऱ्यानं सांगावं.
"दोन्ही ठेव," म्हटलं. "गोदामात जाऊन पोती मोज."

ती हो म्हणणार होती बहुतेक,
पण तेवढ्यात ब्रिओझापाशी अकरा वाजले.
तिनं फोन कानाला लावला,
आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवून
मला गप्प केलं.