मोगरीचा ठोका

आमच्या खोऱ्यात झोप कानांनी लागते.
वर कड्याच्या कंबरेला बांधलेला लाकडी पाट,
पाटात एक चाक, चाकाला मोगरी.
पाणी वाहतंय तोवर ठक्. ठक्. ठक्.
ती गप्प झाली की पाटकरी थिओडुल जागा व्हायचा,
अंधारातच बूट चढवायचा,
बायकोला उठवत नसे.
ती जागीच असे.

पाणी हिमनदीचं, पिठूळ, राखी,
बोटं घातली तर हाडाला विचारणारं.
पाऊस पलीकडच्या उतारावर सांडून
आमच्याकडे येतो रिकाम्या हातांनी.
म्हणून पाट. म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या,
कोणी दोराला लोंबकळून फळ्या ठोकायच्या.
वळणावळणाला एकेक क्रूस,
नावं शेवाळाने कधीच वाचून संपवलीत.

पाळी कागदावर नसे. लार्चच्या कांडीवर खाचा,
अख्खी खाच चार तास, अर्धी दोन,
मागच्या अंगाला घराची खूण.
क्रेसेन्झची खूण बकरीचा खूर.
नवरा फळीवरून गेला त्या वर्षी
दीर दारात आला: कांडी दे,
बाईमाणूस रात्री दोनला पाट फोडणार का?
ती राईची भाकरी कापत होती,
डिसेंबरात भाजलेली, आता जूनमध्ये लाकूड झालेली.
म्हणाली, दोनला नाही, दीडला जाईन.
दोनला तू असतोस तिथे,
माझ्या वाटणीत फावडं घालून.

हिमनदी तेव्हा वाढत होती.
कुरणं गिळत कोठारापर्यंत यायची तिची जीभ,
म्हणून गावाने नवस बोलला, दर जुलैत पहाटे चालत जायचं:
देवा, हिला मागे घे.
देवाने ऐकलं. जरा जास्तच.
आता पाद्रीबाबांनी शब्द बदललाय: हिला थांबव.
मागच्या बाकावरची म्हातारी अजून सवयीने
जुनाच शब्द म्हणतात
आणि शेजारचा कोपराने ढोसतो.

पाट बोगद्यात गेला. झडपा मी फोनवरून उघडते,
मी, थिओडुलची नात.
मोगरी ठेवली आहे पाहुण्यांसाठी,
रविवारी तिच्याशेजारी फोटो काढतात.

गेल्या ऑगस्टात, फोनचा गरम वारा सुटला त्या रात्री
मी दचकून उठले.
ठोका थांबला नव्हता.
ठकठकठकठक, घाई लागल्यासारखा,
दारावर कुणी यावं तसा.
थांबला तर काय करायचं ते आजोबांनी शिकवलं होतं.
याचं नाही.

तरी बूट चढवले.
पायरीवर बसून राहिले,
नाडी न बांधता.