इथपर्यंत बरोबर

जूनच्या शेवटच्या रविवारी ती मुलं येतात
ओहायोतल्या या रिकाम्या कॉलेजात.
काखेत उशी, मागे आई,
आणि आईच्याही मागे, गाडीपाशीच रेंगाळलेला बाप.
मी चाव्यांची पेटी उघडून बसते.
हॅलोवे हॉल, तळमजला, रात्रपाळी.
अकरा उन्हाळे झाले या टेबलाशी.

मला त्यांचं गणित कळत नाही.
मला कळतं कोण जेवलं नाही,
कुणी घरी फोन लावला
आणि बोलायचं सोडून नुसता कानाशी धरला.

पहिला आठवडाभर सगळे मोठ्याने बोलतात.
आपापल्या गावी प्रत्येक जण एकटाच होता ना,
प्रश्न संपायच्या आत हात वर करणारा.
इथे सत्तावन्न हात एकदम वर,
आणि फळ्यापाशी उभे म्हातारे प्रोफेसर म्हणतात,
"हात खाली. आता सांगा, कुणाला काय कळलं नाही?"

एकही हात हलला नाही,
असं थॅडियसनं मला सांगितलं
रात्री साडेबाराला, कोरडे कॉर्नफ्लेक्स मुठीने खात.
मिशिगनचा पोरगा. बूट कायम उलटसुलट.
"मला तर काहीच कळलं नव्हतं," तो म्हणाला,
आणि इतका हसला
की वरच्या मजल्यावरून कुणीतरी पाय आपटले.

ओडालिस हसायची नाही.
ती आली टेक्सासच्या पार टोकावरून, ईगल पासहून,
नदीपलीकडे दुसरा देश.
दोन दिवस बसमध्ये, मांडीवर भावाची जुनी बॅग.
दुसऱ्या बुधवारी, पहाटेचे दोन वाजले असतील,
लाँड्रीत दिवा दिसला.
ड्रायर रिकामाच घरघरत होता
आणि त्याच्यावर ती, गुडघ्यावर वही.
"इथे ऊब आहे, आवाज आहे," म्हणाली.
"आमच्या घरात सात माणसं. शांततेत मला सुचत नाही."

नियमानं तिला वर धाडायला हवं होतं.
मी खिशातली पाव डॉलरची चार नाणी काढून दिली.

शुक्रवारी तिनं मला कागद दाखवले.
नऊ पानांची सिद्धता.
चौथ्या पानावर मध्येच एक आडवी रेघ
आणि रेघेखाली बारीक अक्षरात:
इथपर्यंत बरोबर.
पुढची पाच पानं कोरी करकरीत,
म्हणजे तिच्या अक्षरांनी भरलेली,
पण लाल शाईनं शिवलेलीसुद्धा नाहीत.
"ही शिवी आहे की शाबासकी?" तिनं विचारलं.

मी काय सांगणार.
मला आठवला टोलेडोचा नर्सिंगचा कोर्स,
सातवा महिना,
आणि माझी मीच मारलेली रेघ.
तिच्याखाली कुणी काहीच लिहिलं नव्हतं.
"शाबासकी," मी म्हटलं. "झोप आता."
ती झोपली नाही. ड्रायर फिरत राहिला.

जुलै सरता सरता थॅडियस धावत आला:
"आज बावीस हात!"
कशासाठी, हे मी विचारलं नाही.
त्यातला एक ओडालिसचा होता, तो म्हणाला,
आणि तिला जे कळलं नव्हतं
ते प्रोफेसरांनाही फळ्यावर अर्धा तास सापडेना.

शेवटच्या शनिवारी तिचा बाप आला, मालट्रक घेऊन,
कुठल्याशा वखारीत माल उतरवून तसाच.
टोपी हातात, टेबलासमोर उभा.
बक्षीस, गुण, नंबर, काहीच विचारलं नाही त्यानं.
"जेवायची का नीट?"
"हो," मी म्हटलं.
चाव्यांच्या वहीत सही घेतली, झालं.

आता ऑगस्ट. गाद्या उभ्या करून ठेवल्यात भिंतींना.
हरवलेल्या सामानाच्या खोक्यात तीन मोजे,
एक कंपास, रिटेनरची डबी.
लाँड्रीत ड्रायरवर चार नाणी,
एकावर एक, नीट रचलेली.

ती पेटीत जमा करायला हवी होती.
मी एकेक करून फटीत टाकली,
दार लावलं, रिकाम्याच पोटी तो फिरू लागला,
आणि इकडेतिकडे बघून
वर चढून बसले.

ऊब आहे. आवाज आहे.
खरं सांगत होती पोरगी.