इंडीचा फोन

मे महिना. नव्या पेठेत दुपारी पारा चव्वेचाळीस.
शटर अर्धं ओढून मी बोर्डावर वाकलेलो,
कथील डिंकासारखं वितळतं, आणि त्याचा धूर
पंखा परत माझ्याच तोंडावर आणून सोडतो.

शटरखालून आधी खराटा आत आला, मग मालनबी.

झारेकऱ्यांची सून. सराफ कट्ट्यावरची गटारं
तिच्या सासऱ्यानं ओंजळीनं उपसली.
चाळणीत माती, मातीत पाणी, पाण्यात पारा,
दिवाळीनंतरच्या आठवड्यात म्हणे
गुंजभर सोनं हमखास.
आता सोनारांनी फरशा बसवल्या,
आपली धूळ ते आपणच विकतात.
म्हणून ती माझ्या दुकानाची झाडलोट फुकट करते.
कचरा तिचा, एवढाच करार. तोही तोंडी.

"यात किती निघतं रे?" मेलेला बोर्ड उजेडाला धरून ती.
मी सांगतो, साडेतीनशे फोन मरावेत तेव्हा एक तोळा.
तिनं ओठांतल्या ओठांत भागाकार केला.
"म्हणजे माझ्या नाकातल्या फुलीला सोळा मेले."
तिचा दीर घरामागं तेजाबात बोर्ड भिजवायचा,
त्याच्या खोकल्याची उबळ गल्लीला अजून पाठ आहे.
ती तेजाबाला शिवत नाही. पोतं भरलं की किलोवर देते.

आज मात्र तिनं स्वतःचाच फोन पुढं केला.
"वाजतो म्हणत्यात. पण थरथरत न्हाई."

तीस वर्षं तिनं कारखान्यात कांड्या भरल्या.
ते माग कधीच भंगारात गेले,
कानांतले अजून चालूच आहेत.
रिंग ऐकू येत नाही. छातीशी ठेवलेला फोन
हलला, की मग तिला लेक कळते.

उघडला. काम करताना मी उगाच बडबडतो.
"ही काच बोट ओळखते ना, तिच्यावर एक थर असतो,
डोळ्याला दिसत नाही. इंडियम म्हणतात."
"इंडी?" तिचा चेहरा केवढा उजळला.
"माझी लेक तिथंच दिलीया! तुझं कोण हाय इंडीत?"

दुरुस्ती हा माझा धंदा,
पण हे मी तसंच राहू दिलं.
"आहेत लांबचे," म्हणालो.

मोटर गेली होती. तांदळाच्या दाण्याएवढी,
तिच्या टोकावर टंगस्टनचा अर्धा चंद्र,
मुद्दाम एका अंगाला जड.
पूर्ण गोल असता तर नुसता फिरत राहिला असता,
कुणाला पत्ता लागला नसता.

टंगस्टन.
साखर पेठेत नायना रात्रपाळीला चादर विणायचे
तेव्हा मागावरच्या पिवळ्या बल्बात हीच तार होती.
बल्ब गेला की ते तो कानाशी धरून हलवत,
आत किणकिणलं की म्हणत, संपला.
मोराची अर्धी शेपटी तशीच अंधारात.

ती तार कुठल्या डोंगरातली, तो डोंगर आता केवढा उरला,
या बॅटरीतला कोबाल्ट
कुठल्या पोराच्या नखांतून इथवर आला,
मला ठाऊक नाही.
माझ्याकडं येतं तेव्हा सगळं खोक्यात असतं,
प्लास्टिकमध्ये, सहा महिन्यांच्या वॉरंटीसकट.
त्याची धूळ माझ्या टेबलाखाली होते.
तेवढीच मला दिसते, आणि ती मालनबी नेते.

मेलेल्या फोनातली मोटर काढून तिच्यात बसवली.
माझ्या फोनवरून तिला लावला.
तिनं तो गालाच्या हाडाशी धरला, डोळे मिटले.
समोर मीच, हातभर अंतरावर, फोन हातात;
तरी ती म्हणाली, "आली."

मी कट केला नाही. वाजू दिला.

मग पदर खोचून तिनं झाडायला घेतलं,
टेबलाखालून, खुर्चीच्या पायांमागून, उंबऱ्यापर्यंत.
पैशाचा विषय मी काढला नाही, तिनंही नाही.
जाताना चाळणी दोनदा हलवली,
तीळाएवढा एक स्क्रू चिमटीत उचलून
माझ्या काउंटरवर ठेवला.

"हे तुझं," म्हणाली. "लोखंड हाय."