तीन खाचा

पूर ओसरला तेव्हा वडसरच्या शाळेच्या कुंपणाशी
तो आडवा पडला होता, साडेअकरा फूट,
साल गाळानं लिंपलेली,
एका टोकाला गुंडाळलेली कुणाच्या तरी साडीची किनार.
पालिकेचा माणूस म्हणाला, सही करा नि घेऊन जा.
मी लिहिलं : ओंडका, नग एक, जात माहीत नाही.

बोलेरोमागे आमची करवत होती,
जुनी, हिरवी, तेरा हॉर्सपॉवरची,
रुळांवरून सरकणारं एक डोकं
आणि त्यात गरगरणारं दोन बोटं रुंदीचं पातं.
वखार एका जागी बसून असते.
ही सुईणीसारखी, बोलावलं की जाते.

बाबांना हे पटलं नसतं.
ते मकरपुऱ्यात फाउंड्रीसाठी सागाचे साचे करायचे,
आणि त्यांची फूटपट्टी खोटी होती, मुद्दाम :
शंभराला एक जास्त,
कारण ओतलेलं लोखंड निवताना आकसतं.
ती पट्टी अजून माझ्या टूलबॉक्समध्ये आहे.
मी ती वापरत नाही.

आधी धुवायचं. गाळात वाळू असते,
वाळू पात्याचे दात खाते.
रमणभाई राठवा नळी धरून, मी तारेचा ब्रश घेऊन,
सकाळचे दोन तास. मी म्हटलं शिरीष.
तो काही बोलला नाही. पैज लागली एका सेव-उसळीची.
मध्यावर, सालीखालून, तीन खाचा निघाल्या,
जुन्या, कडा भरून आलेल्या,
बाळाच्या मनगटाला वळ्या पडतात तशा.
कुऱ्हाडीचा चाळा असेल, म्हटलं.
पहारेनं लोटून ओंडका पाटावर घेतला,
पाचरी मारल्या, पाण्याच्या डब्याची तोटी सोडली.

पहिला काप.
वरची पाठ निघाली आणि आत
कडेला फिकट, मग एकदम तांबूस, ओलसर, घट्ट.
रमणभाईनं चिमूटभर भुसा जिभेला लावला.
मग इंजिन बंद केलं.
एवढी शांतता की डब्यातलं पाणी ऐकू आलं.
"आ तो महुडो छे, बेन."

त्याच्या गावात महुड्याला घर असतं.
शेत एकाचं, झाड दुसऱ्याचं,
चैत्रात त्याखाली झोपतात, पहाटे फुलं वेचायला.
खाच म्हणजे नाव.
त्याच्या आईच्या झाडाला दोन आहेत.
तीन कुणाच्या, त्याला माहीत नव्हतं.
वर कुठेतरी, पावागढच्या बाजूला,
या वर्षी एका घरी टोपल्या रिकाम्या असणार,
एवढं मात्र माहीत होतं.

अलकापुरीतल्या एका आर्किटेक्टला हवं होतं
अकरा फुटांचं, एकसंध, जेवणाचं टेबल.
अर्धी रक्कम घेऊन झाली होती.
मी उभ्या उभ्या हिशेब केला.
हिशेब सगळा माझ्या बाजूनं होता.
रमणभाई वाद घालत नव्हता,
नुसता ओल्या हातानं खाचांवरचा भुसा पुसत होता,
पुसून झाल्यावरही.

चेनसॉ मीच चालवली.
मधला दीड फुटाचा तुकडा बाजूला काढला,
उरले चार नि सहा.
आर्किटेक्टला फोन केला. त्यानं जे म्हणायचं ते म्हटलं.

फळ्या आता पत्र्याखाली रचल्या आहेत,
प्रत्येकीखाली चिपा, म्हणजे वारा फिरतो,
टोकांना उरलेला निळा ऑइलपेंट, म्हणजे तडकत नाहीत.
इंचाला एक वर्ष असा नियम आहे, आणि त्या दोन इंची.
गेल्या आठवड्यात सहज बाबांच्या पट्टीनं मोजल्या,
जेवढ्या आकसल्यात त्याहून जास्त आकसलेल्या वाटल्या.

तो तुकडा फाटकापाशी आहे.
हालोलचा, जांबुघोड्याचा कुणी ट्रकवाला आला
की रमणभाई त्याला आधी तिथे नेतो.
एक म्हातारी दिवाळीत आली होती, विटांच्या गाडीतून.
बोटानं खाचा मोजल्या, दोनदा,
म्हणाली, आमच्या दोन उभ्या नि एक आडवी.
चहा घेतला आणि गेली.

गिऱ्हाइकं त्यावर बसतात, साहजिक आहे,
बसण्याजोगीच उंची.
रमणभाई कुणाला उठवत नाही.
फक्त जवळ जाऊन सांगतो,
जरा सरकून बसा, इकडे,
तिकडे नाव आहे.