आठवं गाणं

गुरुवार. लाईट नाही.
रास्ता पेठेतल्या दुकानात गफूरभाई तांबोळी
दोन तबकड्या काउंटरवर ठेवून
कॅलेंडरच्या पुठ्ठ्याने वारा घेतात.
"वाजवून कशी दाखवू? महावितरणला विचारा."

खिशात पंधराशे. जुनी तेराशेला, नवी बाराशेला.
उधारी मागता येईल, पण घरी हिशेब द्यावा लागेल,
आणि तिचा हिशेब चोख असतो.

जुनीच्या कव्हरवर कुंपणाशी उभी सहा माणसं,
पायांत काही नाही, एकीचं लक्ष भलतीकडे.
कोपऱ्यात निळ्या शाईत: उटे, एकोणऐंशी.
"जर्मन बाई. कोरेगाव पार्कातली. आश्रम सोडताना
पंखा, सायकल आणि ही खोकी
माझ्या वडलांना विकून गेली.
सायकल अजून चालते."

ही तबकडी मला पाठ आहे.
म्हणजे तिची कॅसेट. अनंता कोलतेने होस्टेलवर भरून दिलेली,
एकाच बाजूला, कारण दुसऱ्या बाजूला
त्याच्या बहिणीच्या लग्नातली सनई होती
आणि ती पुसायची नाही अशी आईची ताकीद.
अर्ध्या तासात सात गाणी मावली.
आठव्यात एक मुलगी दिवेलागणीला नदीवर येते,
नावाडी विचारतो, पलीकडे कोण आहे तुझं?
मग ती म्हणते—
आणि खटक्.

अडतीस वर्षं ती काठावर उभी आहे.

अनंता म्हणायचा, ती "कोणी नाही" म्हणत असणार.
मी म्हणायचो, ती उत्तरच देत नाही, नुसती चढून बसते.
पैज एका मिसळीची.
ती अजून कोणी कोणाला दिलेली नाही,
आणि गेल्या दिवाळीपासून
अनंता कुणाशीच पैज लावत नाही.

"मोबाइलवर मिळेल की,"
गफूरभाईंचा नातू मान वर न करता म्हणतो.
मिळेल. ठाऊक आहे.
बघितलं नाही, एवढंच.

नवी धायरीच्या चौघांची. बँडचं नाव 'ओढा'.
कव्हर घरीच छापलंय, शाई बोटाला लागते.
गिटार, हलगी, माउथ ऑर्गन, आणि गाणारी पोरगी
दिवसा म्हणे पाणीपट्टीच्या खिडकीत बसते.
'बोअरला लागली माती', 'मामाची लुना', 'नंबर'.
एकही ओळ माहीत नाही.
या वयात एकही ओळ माहीत नसणं
म्हणजे परक्या घराची बेल दाबायची
आणि आतून कुत्रं भुंकलं तरी
पायरीवर थांबून राहायचं.

"साहेब, एक वाजत आला."

मी नवी घेतली.
कारण विचारू नका, हात तिकडे गेला.
त्या सहाजणांना गफूरभाईंनी फडक्याने पुसलं
आणि पुन्हा खोक्यात उभं केलं.

बसमध्ये मांडीवर चौकोनी पुडकं.
शेजारची बाई म्हणाली, "भिंतीवरचं घड्याळ का?"
हो म्हणालो. ते सोपं होतं.

साडेपाचला लाईट आली.
पहिली दोन गाणी नाही आवडली.
हलगी उगाच दामटलेली, गिटार मागे लाजून.
तिसऱ्यात सगळे थांबतात, पोरगी एकटीच
टँकरच्या रांगेतले हंडे मोजत जाते,
काही चाल नाही, नुसतं मोजणं,
छत्तीस, सदतीस, अडतीस—
माझा हात सुईकडे गेला होता की काय, कोण जाणे.
ती मोजतच राहिली.
एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळिसावा फुटका.

सातला गफूरभाईंचा फोन.
"ती जर्मन बाईची, एक कॉलेजचं पोरगं मागतंय. देऊ?"
स्वयंपाकघरात कुकरने दुसरी शिट्टी दिली.
"द्या," म्हणालो, "आणि त्याला म्हणावं—"
"काय म्हणू?"
गफूरभाई थांबले. मागे ते पोरगंही थांबलं असणार.
कुकरची तिसरी झाली.